ब्रिटनमधील मराठी मंडळांना खुले पत्र: अग्निशमन दलाला यंदा घरी बोलवा

प्रति,
ब्रिटनमधील सर्व मराठी मंडळांचे अध्यक्ष, कार्यकारिणी आणि सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवाच्या आणि पाठोपाठ दिवाळीच्या तयारीच्या बैठका आता आपापल्या मंडळांत सुरू होतील. हॉल कोणता घ्यायचा, जेवण कोणाकडून मागवायचे, मुलांच्या कार्यक्रमाला वेळ किती द्यायचा, यावर नेहमीप्रमाणे बराच वेळ चर्चा होईल. त्या विषयपत्रिकेत या वर्षी आणखी एक विषय घ्यावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आपल्या भागातील अग्निशमन दलाला मंडळाने रीतसर निमंत्रण द्यावे. तसेच ज्या सभासदांच्या घरी वृद्ध माणसे, लहान मुले, आजारी किंवा एकटी राहणारी व्यक्ती आहे, त्यांनी दलाकडे घराच्या सुरक्षा-भेटीसाठी नाव नोंदवावे म्हणून मंडळाने स्वतः पाठपुरावा करावा. ही भेट विनामूल्य असते आणि ती मागणे हा येथे कर भरणाऱ्या, भाड्याने राहणाऱ्या, पाहुणा म्हणून आलेल्या अशा प्रत्येकाचा हक्क आहे.

मी मिडलंड्समधील एका शहरात राहते. इंग्रजीत मोकळेपणाने बोलता न येणाऱ्या मराठी आणि हिंदी भाषक ज्येष्ठांच्या घरी दलाची माणसे जातात, तेव्हा दुभाषी म्हणून मी त्यांच्याबरोबर जाते. या भेटींमुळे माझे असे ठाम मत झाले आहे की, आपला समाज या देशात डॉक्टरकी, संगणक, शिक्षण अशा सगळ्या क्षेत्रांत स्थिरावला असला, तरी अग्निशमन दलाशी त्याचे नाते अजून जुळलेले नाही. आग लागली की बंब येतो, एवढीच आपली कल्पना आहे. येथील दलाचे काम मात्र आग लागण्याच्या कितीतरी आधी सुरू होते, आणि तेच काम आपल्या घरांपर्यंत पोहोचत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू असलेल्या २००४ च्या अग्निशमन व बचाव सेवा कायद्यात दलाची मुख्य कर्तव्ये ओळीने सांगितली आहेत. सहावे कलम आगीपासूनच्या सुरक्षिततेचा प्रसार करण्याविषयी आहे, सातवे आग विझवण्याविषयी आणि आठवे रस्त्यावरील अपघातांत अडकलेल्यांना सोडवण्याविषयी. प्रतिबंधाचे कलम आधी आले आहे, आणि प्रत्यक्ष कामातही त्याला तसेच महत्त्व मिळत गेले आहे. लिव्हरपूलच्या परिसरातील मर्सीसाइड दलाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस घरोघरी जाऊन धुराचे अलार्म बसवायला सुरुवात केली, आणि पुढे हीच पद्धत देशभरातील दलांनी स्वीकारली. आज इंग्लंडमधील दले वर्षाला सुमारे सहा लाख घटनांना धावून जातात, पण त्यांतल्या प्रत्यक्ष आगी साधारण एक चतुर्थांशच असतात. बाकीच्यांत खोटे अलार्म पुष्कळ, आणि उरलेल्यांत अपघातात चेपलेल्या गाड्या कापून माणसे बाहेर काढणे, पुरात अडकलेल्यांना होडीने आणणे, बंद दाराआड पडलेल्या वृद्धांपर्यंत पोहोचणे, अशी कामे असतात. कोविडच्या काळात याच जवानांनी रुग्णवाहिका चालवल्या, औषधे घरपोच केली आणि लसीकरण केंद्रांवर काम केले.

आता आपल्या घरांकडे वळते, कारण या पत्राचे खरे कारण तेथेच आहे.

येथील घरे लहान असतात. देव्हाऱ्यासाठी स्वतंत्र खोली फार थोड्यांना परवडते, म्हणून जिन्याखालचे कपाट रिकामे करून त्यात देव बसवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. अशाच एका घरी एका आजींनी आम्हाला मोठ्या प्रेमाने देव दाखवले. कपाट दोन हात रुंद होते. आत लाकडी देव्हारा, वर मखमली झालर, मागे आरशाच्या टिकल्यांचा पडदा आणि बाजूला उदबत्तीचे पुडे, कापसाच्या वातींची पिशवी व तुपाची बरणी ठेवलेली होती. समई तेवत होती. बरोबरच्या अग्निशामकाने हात जोडून नमस्कार केला, आजींची परवानगी घेतली आणि समईच्या ज्योतीपासून वरच्या फळीपर्यंतचे अंतर वितीने मोजले. जेमतेम दोन विती भरले. मग त्याने फळीच्या खालच्या बाजूला हात लावायला सांगितले. लाकूड गरम होते, आणि तेथे काळा डाग पडलेला होता. त्या फळीच्या वर जिना होता आणि जिन्याच्या वर झोपण्याच्या तिन्ही खोल्या. रात्री त्या कपाटाला आग लागली असती, तर वरून खाली येण्याचा एकमेव रस्ताच आधी पेटला असता.

त्या माणसाने देव हलवा असे म्हटले नाही. समई कपाटाबाहेर जाड पितळी ताटात, हलणार नाही अशी आणि पडद्यापासून दूर ठेवावी, घरात कोणी जागे नसेल तेव्हा ती तेवत ठेवू नये, वाती आणि तूप वेगळ्या ठिकाणी ठेवावे, एवढेच त्याने सुचवले. आजींचा प्रश्न नवरात्रातल्या अखंड दिव्याचा होता, आणि तो प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात असतो. त्यावर त्याने शांतपणे विचारले की, नऊ रात्री या दिव्याजवळ कोण जागे असते? आजींनी विचार करून सांगितले की, रात्रीपुरता विजेचा दिवा लावेन. श्रद्धेचा असा मान राखून धोक्याचे बोलणारी माणसे आपल्याला विनामूल्य मिळत असताना आपण त्यांना बोलावत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरी गोष्ट अलार्मची. आपल्या घरांत धुराच्या अलार्मला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली किंवा त्याची बॅटरी काढून ठेवलेली मी अनेकदा पाहिली आहे. त्यामागचे कारण कोणत्याही मराठी स्वयंपाकघराला ठाऊक आहे: मिरचीची फोडणी पडली, ठसका उठला की अलार्म ओरडू लागतो, तान्हे बाळ दचकून उठते आणि शेजारी दार वाजवतात. पण यावर उपाय आहे. स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णतेवर वाजणारा अलार्म बसवायचा आणि धुराचा अलार्म बाहेरच्या पॅसेजमध्ये व वरच्या मजल्यावर ठेवायचा. स्कॉटलंडमध्ये तर फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घरात स्वयंपाकघरात उष्णतेचा, बैठकीच्या खोलीत आणि प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमध्ये धुराचा, आणि हे सर्व एकमेकांना जोडलेले, असे अलार्म असणे बंधनकारक आहे. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात राहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक मजल्यावर धुराचा किमान एक अलार्म असलाच पाहिजे, आणि भाडेकरूने तक्रार केल्यास तो दुरुस्त करणे ही ऑक्टोबर २०२२ पासून घरमालकाची जबाबदारी आहे. अलार्मचे बटण महिन्यातून एकदा तरी दाबून पाहावे आणि दहा वर्षांनी अलार्मच बदलावा. बॅटरी काढून ठेवलेला अलार्म छतावर असला काय आणि नसला काय, सारखेच.

इंग्लंडमधील घरांत अपघाताने लागणाऱ्या आगींमध्ये स्वयंपाकातून लागणाऱ्या आगींची संख्या सर्वांत मोठी असते. आपल्याकडे दिवाळीच्या आधीचा आठवडा हा तळणाचा आठवडा असतो. चकल्या, शेव, करंज्या, अनारसे असे सगळे एका बैठकीत उरकायचे म्हणून मोठी कढई काठोकाठ भरली जाते, आणि घरभर वास नको म्हणून ती गॅरेजमध्ये वेगळ्या गॅस शेगडीवर चढते. त्याच गॅरेजमध्ये गालिचे, पुठ्ठ्याची खोकी, रंगाचे डबे आणि मुलांच्या सायकली असतात. तेल धुरावू लागले की ते पेटण्याच्या बेतात आहे, हे प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. सुरक्षितपणे हात पोहोचत असेल तरच शेगडी बंद करावी. कढई उचलू नये, आणि कोणत्याही परिस्थितीत तिच्यात पाणी ओतू नये, कारण पाणी पेटत्या तेलाच्या तळाशी जाऊन क्षणात वाफ होते आणि तेलाचा पेटता लोळ छतापर्यंत उडवते. बाहेर पडावे, दार ओढून घ्यावे आणि ९९९ ला फोन करावा. हे येथील दले शाळा-शाळांतून मुलांना शिकवतात. आपली मुले ते शिकून घरी येतात, पण कढईपाशी बसलेल्या आजीला ते कोणी सांगितलेले नसते.

आजी-आजोबांविषयी आणखी एक महत्त्वाची बाब आहे, आणि ती मंडळांनी प्रत्येक सभासदापर्यंत पोहोचवावी असा माझा आग्रह आहे. भारतातून सहा महिन्यांसाठी नातवंडांना सांभाळायला आलेल्या आपल्या आई-वडिलांना अग्निशमन दलाचा म्हणून १०१ हा क्रमांक जन्मभराच्या सवयीने पाठ असतो. ब्रिटनमध्ये १०१ हा पोलिसांचा, तोही तातडीच्या नसलेल्या कामांसाठीचा क्रमांक आहे. आगीसाठी येथे ९९९ लावावा लागतो. ११२ लावला तरी चालतो. व्यवहारात मात्र आपले आई-वडील यांपैकी काहीच करत नाहीत. ते ऑफिसात गेलेल्या मुलाला फोन लावतात, मुलगा मीटिंगमध्ये असतो, मग ते सुनेला लावतात, आणि त्यात मोलाची मिनिटे जातात. लंडनमध्ये १९३५ साली विम्पोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागून पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. शेजाऱ्याने टेलिफोन एक्स्चेंजला फोन लावला होता, पण तो रांगेत ताटकळत राहिला. त्या घटनेनंतर ३० जून १९३७ पासून लंडनमध्ये ९९९ ची व्यवस्था सुरू झाली. फोन ताबडतोब उचलला जावा एवढ्यासाठी उभी राहिलेली ही सेवा आहे. तेव्हा घराचा पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड मोठ्या अक्षरांत देवनागरीत आणि इंग्रजीत लिहून फ्रिजवर लावावा, आणि "फायर" हा शब्द व तो पत्ता एवढे बोलता आले तरी पुरे आहे, हे आई-वडिलांना एकदा बसवून सांगावे. त्यांच्याकडून ते म्हणवूनही घ्यावे.

कुलपांचेही तसेच. आशियाई घरांत सोने असते म्हणून चोऱ्या होतात, आणि त्या भीतीने आपण रात्री पुढचे दार आतून किल्लीने बंद करून किल्ली कपाटात लपवतो. खिडक्यांच्या छोट्या किल्ल्या तर कोठे गेल्या हे घरात कोणालाच ठाऊक नसते. आग लागल्यावर धुरात डोळे उघडता येत नाहीत, तेव्हा किल्ली शोधणे अशक्य होते. चोराचा हात पोहोचणार नाही पण घरातल्या प्रत्येकाला अंधारातही सापडेल, अशी किल्लीची एकच जागा ठरवावी, आणि झोपण्यापूर्वी आतली दारे लोटून घ्यावीत. बंद दार आग आणि धूर बराच वेळ थोपवून धरते.

शिकायला आलेल्या मुलामुलींची काळजी मंडळांनी विशेष घ्यायला हवी. घरभाडे परवडत नाही म्हणून एका घरात ठरल्यापेक्षा जास्त मुले राहतात, आणि त्यांच्यातले काही जण रात्री विजेच्या सायकलीवरून जेवणाची पार्सले पोहोचवतात. ती सायकल किंवा तिची बॅटरी रात्रभर दाराजवळच्या पॅसेजमध्ये चार्जिंगला लावलेली असते. लंडनच्या दलाच्या नोंदींप्रमाणे २०२३ साली तेथे विजेच्या सायकली आणि स्कूटरमुळे सरासरी दर दोन दिवसांनी एक आग लागली. त्याच वर्षी मार्च महिन्यात पूर्व लंडनमधील शॅडवेल येथे परवानगीपेक्षा कितीतरी जास्त माणसे राहत असलेल्या एका फ्लॅटमध्ये अशाच बॅटरीने पेट घेतला आणि बांगलादेशातून आलेला एक माणूस प्राणास मुकला. लिथियमची बॅटरी एकदा बिघडून तापू लागली की फार थोड्या वेळात भडकते आणि विषारी धूर ओकते. स्वस्तात मिळालेली बॅटरी, दुसऱ्याच कंपनीचा चार्जर आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर लावलेले चार्जिंग हे तिन्ही एकत्र आले, तर त्या घरातली मुले झोपेतच कोंडली जातात. वेगवेगळ्या कुटुंबांतील पाच किंवा अधिक माणसे एका घरात राहत असतील तर इंग्लंडमध्ये घरमालकाला परवाना घ्यावा लागतो. ही माहिती नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला कोणी देत नाही, आणि घर जाईल या भीतीने तो तक्रारही करत नाही. अग्निशमन दलाची माणसे व्हिसा तपासायला येत नाहीत, ते त्यांचे काम नाही, हे मंडळाच्या स्वागत समारंभात स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना ग्रेनफेल टॉवरची आठवण करून द्यावी लागू नये, तरीही लिहिते. १४ जून २०१७ च्या मध्यरात्रीनंतर पश्चिम लंडनमधील त्या २४ मजली इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात फ्रिजमधून आग लागली, ती इमारतीला बाहेरून लावलेल्या ज्वलनशील आवरणावरून वर चढली आणि ७२ माणसे मृत्यू पावली. मृतांमध्ये अनेक देशांतून येऊन येथे वसलेली कुटुंबे होती. आतच थांबा, ही सूचना पाळून पुष्कळ रहिवासी आपापल्या घरात थांबले होते. चौकशी आयोगाच्या ऑक्टोबर २०१९ च्या पहिल्या अहवालाने जवानांच्या धैर्याचा गौरव केला आणि त्याचबरोबर ही सूचना वेळेवर मागे न घेतल्याबद्दल लंडनच्या दलाच्या नेतृत्वावर कठोर टीका केली. सप्टेंबर २०२४ च्या अंतिम अहवालाने बांधकाम साहित्य बनवणाऱ्या कंपन्यांपासून सरकारपर्यंत सर्वांच्या अनेक वर्षांच्या अपयशाची नोंद केली. त्यानंतर नियम बदलले. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२३ पासून फ्लॅटच्या इमारतीची जबाबदारी असणाऱ्याने आग लागल्यास काय करायचे याच्या सूचना रहिवाशांना देणे बंधनकारक आहे. आपल्या इमारतीत आत थांबायचे आहे की बाहेर पडायचे आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी याच आठवड्यात व्यवस्थापनाला लेखी विचारावे. तसेच दाराबाहेर पॅसेजमध्ये ठेवलेला चपलांचा स्टँड आणि बाबागाडी आत घ्यावी, आणि आपोआप बंद होणारे दार उघडे राहावे म्हणून त्याखाली पाचर ठोकू नये. धुराने भरलेल्या पॅसेजमध्ये शेजारी रांगत बाहेर येत असतील आणि जवान पाइप घेऊन आत जात असतील, तेव्हा तो स्टँड दोघांच्याही वाटेत येतो.

मंडळांच्या कार्यक्रमांविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. हॉल भाड्याने घेतला म्हणजे जबाबदारी हॉलवाल्याची, असे आपण धरून चालतो. २००५ च्या अग्निसुरक्षा आदेशाप्रमाणे जागेवर ज्याचे ज्या प्रमाणात नियंत्रण असेल, त्या प्रमाणात त्याचीही जबाबदारी असते, म्हणजेच कार्यक्रमाच्या दिवशी ती आपल्या कार्यकारिणीचीही असते. तरीही थर्मोकोलचे मखर आणि त्यावर कापडी झालरी लावून त्यासमोर निरांजने ठेवली जातात, थर्मोकोल भराभर पेटतो आणि दाट काळा धूर सोडतो हे माहीत असूनही. मागच्या आणीबाणीच्या दारासमोर खुर्च्यांची चळत किंवा जेवणाची टेबले लागतात. बसण्याच्या क्षमतेपेक्षा जास्त लोक आत घेतले जातात, कारण आपल्या माणसाला दारातून परत पाठवणे जिवावर येते. ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्डच्या फुटबॉल मैदानावर लाकडी स्टँडखाली साचलेल्या कचऱ्याने पेट घेतला आणि काही मिनिटांत सारा स्टँड पेटला. त्या आगीत ५६ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतली पुष्कळ मागच्या बाजूच्या बंद दारांपाशी सापडली. त्या दिवशीही तो आनंदाचाच सोहळा होता, संघाला चषक मिळाला होता. गणपतीच्या दिवशी मोकळ्या दाराजवळ दोन स्वयंसेवक उभे करणे आणि आरतीआधी बाहेर पडण्याच्या वाटा माइकवरून मराठीत सांगणे, याला एक पौंडही लागत नाही. सत्यनारायणाचा होम करायचा असेल तर हॉलच्या व्यवस्थापनाला आधी सांगावे. होमाच्या धुराने अलार्म वाजून बंब आला, तर तेवढा वेळ तो दुसऱ्या कोणासाठी उपलब्ध नसतो.

आपण मागत असलेली ही सेवा स्वतः कोणत्या परिस्थितीत आहे, हेही आपल्याला ठाऊक असावे. एडिनबरोमध्ये १८२४ साली नगराच्या खर्चाने दल उभे राहिले, त्याआधी विमा कंपन्यांचे स्वतःचे बंब असत. आज हे दल करातून चालते, आणि अनेक भागांत कौन्सिल टॅक्सच्या बिलावर त्याची वेगळी ओळही दिसते. २०१० नंतरच्या कपातीत देशभरातील अग्निशामकांची संख्या हजारोंनी घटली. लंडनमध्ये जानेवारी २०१४ मध्ये एकाच दिवशी दहा फायर स्टेशने बंद झाली. दुसरीकडे काम वाढतच आहे. १९ जुलै २०२२ रोजी तापमान ४० अंशांच्या वर गेले, लंडनच्या पूर्वेकडील वेनिंग्टन गावात गवतापासून पसरलेल्या आगीने घरे भस्मसात केली, आणि लंडनच्या दलाला दुसऱ्या महायुद्धानंतरचा सर्वांत धावपळीचा दिवस अनुभवावा लागला. इंग्लंडमधील प्रत्येक दल आपल्या भागातील धोक्यांचा आराखडा करते आणि त्यावर नागरिकांची मते मागवते. कोणते स्टेशन ठेवायचे, रात्री किती बंब सज्ज ठेवायचे, घरभेटी कोणाला द्यायच्या, हे त्यातून ठरते. अशा वेळी मराठी मंडळाचे एकही निवेदन तेथे नसेल, तर आपल्या गरजा त्या आराखड्यात याव्यात तरी कशा?

त्या गणवेशात आपली माणसे नाहीत, ही खंतही लिहिल्यावाचून राहवत नाही. इंग्लंडमधील अग्निशामकांत अल्पसंख्याक समाजांचे प्रमाण लोकसंख्येतील प्रमाणापेक्षा बरेच कमी आहे, आणि स्त्रिया जेमतेम दहात एक आहेत. माजी सरकारी अभियोक्ता नझीर अफझल यांच्या नोव्हेंबर २०२२ च्या अहवालाने लंडनच्या दलात स्त्रीद्वेष आणि वंशद्वेष संस्थेच्या पातळीवर मुरलेले आहेत असे स्पष्ट नमूद केले, आणि दलाच्या प्रमुखांनी तो निष्कर्ष स्वीकारला. हे वाचून मुलांना तिकडे पाठवू नये असे वाटणे स्वाभाविक आहे. माझे मत वेगळे आहे. आतली वागणूक सुधारायची असेल तर आत वेगवेगळ्या समाजांची माणसे पुरेशा संख्येने असावी लागतात, आणि एखाद्या घाबरलेल्या आजीशी तिच्या भाषेत बोलणारा जवान दुभाष्याच्या तुलनेत कितीतरी जास्त उपयोगी पडतो. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी झालेल्या स्फोटांत ६६ जवान कर्तव्य बजावताना गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ भारतात दरवर्षी अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. तो वारसा सांगणाऱ्या आपल्या समाजाने या नोकरीकडे कमी दर्जाची म्हणून पाहू नये.

पूर्णवेळ नोकरी सोडून जाणे सर्वांना शक्य नाही, हे खरे आहे. पण लहान गावांतली पुष्कळ स्टेशने हाकेसरशी येणाऱ्या अर्धवेळ अग्निशामकांवर चालतात. दुकानदार, सुतार, शिक्षक अशी ही माणसे असतात. पेजर वाजला की हातातले काम टाकून ती साधारण पाच मिनिटांत स्टेशनवर पोहोचतात, आणि त्यासाठी त्यांना प्रशिक्षण व मोबदला मिळतो. दिवसा उपलब्ध असणारी माणसे मिळत नाहीत, ही अशा स्टेशनांची नेहमीची अडचण आहे. घरून संगणकावर काम करणारे, स्टेशनजवळ राहणारे आणि येथे कोणतेही काम करण्याची मुभा असलेले किती मराठी तरुण-तरुणी अशा गावांत आहेत, याचा मंडळांनी शोध घ्यावा.

माझी मागणी फार मोठी नाही. पुढच्या बैठकीत कार्यकारिणीतील एका सभासदाकडे हे काम नावानिशी सोपवावे. त्याने स्थानिक फायर स्टेशनला पत्र लिहून गणेशोत्सवाच्या एका दिवशी अर्ध्या तासाचे प्रात्यक्षिक मागावे, आणि त्या वेळी भाषांतर करायला एक माणूस द्यावा. सभासदांच्या यादीतून ज्येष्ठांची घरे काढून त्यांना स्वतः फोन करावा आणि घरभेटीचा अर्ज भरायला मदत करावी. बहुतेक दले आधी ऑनलाइन काही प्रश्न विचारतात आणि धोका जास्त असलेल्या घरांना प्राधान्य देतात, त्यामुळे अर्जात वय, आजार, ऐकू कमी येणे, घरात रोज दिवा तेवत असणे, हे सगळे न संकोचता लिहावे. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी उशीखाली थरथरणारा अलार्म मिळू शकतो, तो मागून घ्यावा. भेटीच्या दिवशी शक्य असेल तर मंडळाचा एक माणूस त्या घरी हजर असावा. मिडलंड्समधील मंडळांना दुभाषी हवा असेल, तर मी आणि माझ्याबरोबर हे काम करणाऱ्या दोन मैत्रिणी यायला तयार आहोत. इतर भागांतील मंडळांसाठी अर्जाचा आणि निमंत्रणपत्राचा मराठी-इंग्रजी नमुना आम्ही तयार केला आहे, तो मागणी येताच पाठवू.

नवरात्राच्या आधी किमान ज्येष्ठांच्या घरांचे अर्ज जावेत, एवढे पाहावे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मिडलंड्समधील एक मराठी सभासद